टँकरचं पाणी बोअरमध्ये

खटाव तालुक्यातल्या आमच्या गावात उन्हाळा तापला की प्यायच्या पाण्याचे हाल सुरू होतात. अशाच दिवसांत पाण्यानं भरलेला एक टँकर गावात आला आणि कुणाच्या हंड्यात न जाता शाळेजवळच्या आटत चाललेल्या बोअरमध्ये रिकामा झाला. या कामाला जलभंजन म्हणतात. ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा समितीत मी तेव्हा नवीनच होते. ठरावावर सही करायची तर काम समजून घ्यायला हवं होतं, आणि समजून घ्यायला बसले तेव्हा प्रत्येक उत्तरातून पुढचा प्रश्न निघत गेला. माझ्यासारख्या ज्या बायका-माणसं पहिल्यांदाच अशा समितीवर बसतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

माझं माहेर पलूस तालुक्यात, कृष्णाकाठी. तिथलं दुखणं पाणी जास्त झाल्याचं. उसाला वर्षानुवर्षं पाट भरून पाणी दिल्यानं किती तरी जमिनी क्षारपड झाल्या. वडिलांच्या रानात खालच्या अंगाला उन्हाळ्यात पांढरा थर फुटलेला मी लहानपणापासून पाहिला. लग्न होऊन आले ती खटावात. येरळा नदी इथं खटावात सुरू होते आणि माझ्या माहेरच्या तालुक्यात ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. नदी एकच, पण वरच्या टोकाला तिच्या पात्रात वर्षातले बरेच महिने नुसती वाळू आणि वेड्या बाभळी. पाणी विहिरीत असतं, एवढंच माहेरी शिकले होते. ते विहिरीत येतं कुठून, हा प्रश्न मला सासरी पडला.

शाळेजवळचा बोअर सरकारी, दोनशे फुटांचा, म्हणजे साधारण ६० मीटर. त्यावर हापसा. १९७२च्या दुष्काळानंतर असे बोअर आणि हापसे महाराष्ट्राच्या गावोगाव पोचले. आज देशभर दिसणाऱ्या इंडिया मार्क-टू हापशाची मुळं जालना आणि सोलापूरला मिशनच्या लोकांनी सुधारलेल्या पंपांत आहेत, हे मला या कामाच्या निमित्तानं कळलं. चांगला चालणारा असा हापसा मिनिटाला बारा लिटरच्या आसपास पाणी देतो. आमचा फेब्रुवारी सरला की धापा टाकायचा. दांडा मारून मारून खांदे भरून यायचे, मग पाणी चढायचं, अर्धी कळशी भरली की पुन्हा नुसती हवा.

गावातल्या बहुतेकांचं म्हणणं एकच होतं, नवा बोअर पाडा. पाणाड्या बोलवा, नारळ उभा राहील तिथं गाडी लावा. नव्या बोअरवर माझाही विश्वास होता, कारण दुसरं काही माहीतच नव्हतं. पण रानारानांत पाचशे-सहाशे फुटांचे कोरडे बोअर पडलेले सगळ्यांनाच दिसत होते. शिवाय कायदाही आहे. १९९३च्या कायद्यानं पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत विनापरवाना नवी विहीर घ्यायला बंदी घातली होती, आणि २००९चा भूजल अधिनियम ६० मीटरपेक्षा खोल जाणाऱ्या विहिरींना लगाम घालतो. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी ते वाचून दाखवलं आणि म्हणाले, "आधी आहे त्या बोअरचं काय करता येतंय ते भूजलवाल्यांना विचारू."

भूजलवाले म्हणजे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा. जिल्ह्याच्या कार्यालयातून एक भूवैज्ञानिक मॅडम आल्या. मला वाटलं होतं, त्या हापसा बघतील. त्यांनी विचारलं, "हा बोअर पाडला तेव्हा पाणी किती होतं? आणि आजूबाजूच्या विहिरी कधीपर्यंत टिकतात?" पहिल्याचं उत्तर जुन्या नोंदीत सापडलं. सुरुवातीला पाणी चांगलं होतं. दुसऱ्याचं उत्तर बायकांना तोंडपाठ होतं. ओढ्याकडच्या विहिरीत मे महिन्यातही तळाला पाणी असतं. मॅडम म्हणाल्या, "म्हणजे पाणी जवळ आहे. बोअरपर्यंत पोचत नाहीये."

हे वाक्य मला कळेना. जमिनीखाली पाणी असेल तर ते भोकात आपोआप का उतरत नाही? मॅडम मला त्या ओढ्याकडच्या विहिरीवर घेऊन गेल्या आणि पायऱ्यांवर उभं करून समोरची भिंत बघायला सांगितली. वर हातभर काळी माती. खाली पिवळसर मुरूम, मग फुटका दगड, आणि मग एकदम गुळगुळीत काळा कातळ, पुरुषभर उंचीचा, कुठेही ओल नाही. कातळाखाली मांजऱ्या, ज्यात पांढरे दाणे रुतलेले असतात, आणि त्याखाली विटकरी रंगाचा बोटभर पट्टा. या सगळ्या भिंतीत ओल फक्त दोन ठिकाणी होती. कातळाला गेलेल्या एका तिरप्या भेगेत आणि मांजऱ्याच्या तळाशी. तिथून पाणी झिरपून खाली टपकत होतं.

"तुमच्या गावाखाली पाण्याचं तळं नाही," त्या म्हणाल्या. "सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर साचत गेला, त्याचा हा बेसाल्ट. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग याच खडकाचा आहे. अखंड कातळात पाणी राहत नाही. ते भेगांत राहतं, थरांच्या सांध्यात राहतं. बोअर म्हणजे सहा इंची भोक. त्या भोकाला भेग भेटली तर पाणी, नाही भेटली तर दोन हातांवर विहीर भरलेली असली तरी बोअर कोरडा."

मग चांगला चालणारा बोअर का आटतो, हे माझं पुढचं विचारणं. त्याची कारणं बरीच. पाऊस कमी, उपसा जास्त, हे तर आहेच. पण भेगाही बुजतात. बोअर पाडताना हॅमरनं दगडाचं पीठ होतं, ते काही प्रमाणात भेगांत जाऊन बसतं. वरून चिकणमाती उतरते. खडकातली खनिजं पाण्यात विरघळून पुन्हा भेगेतच थर धरतात. जलभंजन करायचं ते या बुजलेल्या भेगा मोकळ्या करायला, आणि जमलं तर बोअरपासून थोड्या अंतरावर राहिलेली भेग बोअरला जोडायला.

ग्रामसभेत विषय निघाला तेव्हा दोन प्रश्न आले. दोन्ही माझ्याही मनात होते.

पहिला एका आजोबांचा. "पाणी दाबून खडक फोडायचा म्हणता, मग भूकंप झाला तर?" सातारा जिल्ह्यात हा प्रश्न येणारच. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, आणि धरणात साठलेल्या पाण्याशी त्याचा संबंध आहे, असं शास्त्रज्ञ मानतात. मॅडमनी प्रश्न मनावर घेतला. कोयना धरणाच्या शिवाजीसागर जलाशयाची साठवण १०५ टीएमसीच्या घरात, आणि तिथले धक्के किलोमीटरांमध्ये मोजायच्या खोलीवरचे. ते समजून घ्यायला कराडला केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे आणि कोयना भागात सुमारे तीन किलोमीटर खोल बोअर घेतलेला आहे. इतक्या खोलवरच्या खडकातला ताण मोजायचा तरी पाण्याच्या दाबानंच खडकाला चीर पाडून बघतात, ही जगभर वापरली जाणारी पद्धत आहे. आपल्याकडे मात्र दोनशे फुटांच्या आत एक टँकर पाणी, तेही काही मिनिटांपुरतं दाबायचं. इतक्यानं भूकंप होत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

दुसरा प्रश्न कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाचा. त्यानं मोबाईलवर अमेरिकेतलं फ्रॅकिंग पाहिलं होतं, विषारी रसायनं, खराब झालेल्या विहिरी. पद्धतीचं मूळ एकच आहे, हे मॅडमनी नाकारलं नाही. अमेरिकेत कॅन्सस राज्यात १९४७ साली गॅसच्या विहिरीवर पहिला प्रयोग झाला आणि १९४९पासून तो धंद्यात उतरला. तिथं हजारो फूट खाली जातात, पाण्यात रसायनं मिसळतात आणि फुटलेल्या भेगा पुन्हा मिटू नयेत म्हणून वाळू भरतात. पिण्याच्या पाण्याच्या बोअरमध्ये यातलं काही घालत नाहीत. नुसतं पाणी, तेसुद्धा टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकून निर्जंतुक केलेलं, कारण ते आपल्याच पिण्याच्या स्रोतात जाणार असतं. मुलानं मान डोलावली. माझी सही त्या उत्तरानंतरची आहे.

कामाच्या दिवशी सकाळी गाड्या आल्या. एका ट्रकवर उच्च दाबाचा पंप, पाइप आणि उचलायची यंत्रणा, दुसरा पाण्याचा टँकर, लांबच्या धरणाखालच्या विहिरीवरून भरून आणलेला. आधी हापसा उतरवला. डोकं, दांडा, मग एकेक पाइप आणि सळई वर येत गेली आणि शेवटी सिलिंडर. केसिंग घट्ट बसलंय का, बोअर कुठं ढासळलाय का, हे तपासलं. मग मोजून पाणी ओतलं आणि ते किती वेळात खाली जातं, हे घड्याळ लावून टिपलं. भेगा किती बुजल्यात, ते यावरून समजतं.

टँकरची नळी पंपाला जोडली आणि हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायका पुढं सरकल्या. शेजारच्या नानी माझ्यावरच आल्या. "आगं, हितं पोरास्नी प्यायला पानी न्हाई आन् तू टँकरच्या टँकर भोकात वतायला लावतीस?" त्यांचा राग खरा होता. माहेरहून नुकतीच आलेली असते आणि हे पाहिलं असतं, तर मीही तेच म्हटलं असतं. त्यांना मी विहिरीच्या भिंतीबद्दल सांगितलं, आदल्या आठवड्यात मला जसं दाखवलं होतं तसं. त्या काही पटून गेल्या नाहीत. "बघू," एवढंच म्हणाल्या आणि शाळेच्या कट्ट्यावर बसून राहिल्या.

पॅकर हा या सगळ्यातला कळीचा भाग. पोलादी पाइपाच्या टोकाला बसवलेला जाड रबराचा दंडगोल. तो केसिंगच्या बराच खाली, अखंड कातळ लागतो त्या खोलीवर सोडतात आणि फुगवतात. रबर चारी बाजूंनी खडकाला घट्ट बसतं आणि बोअरला बूच लागतं. मग पंपाचं पाणी वर येऊ शकत नाही, त्याला खालीच वाट शोधावी लागते. बूच मुरमात किंवा फुटक्या दगडात बसवलं, तर पाणी बगलेनं वर येतं आणि सगळी मेहनत फुकट. जागा कुठली, हे ठरवायला बोअरची जुनी नोंद लागते. कुठल्या फुटावर कोणता खडक लागला, हे त्या दिवशी नोंदवहीत नसतं तर काम अंदाजानं झालं असतं.

पंप सुरू झाला. मला दाब दाखवणाऱ्या गेजजवळ उभं केलं होतं. काटा हळूहळू चढू लागला. वीस, तीस, चाळीस. ऑपरेटर नुसतं 'किलो' म्हणत होते. एक किलो म्हणजे चौरस सेंटीमीटरला एक किलो दाब, आणि तेवढा दाब दहा मीटर उंच पाण्याचा असतो. काटा साठवर गेला तेव्हा आमच्या बोअरच्या तळात सहाशे मीटर उंच पाणी उभं असल्याइतका दाब होता. पाइप थरथरत होता, कुणी बोलत नव्हतं. साठच्या थोडं पुढं काटा अडला, आणि एकाएकी खाली आला. पंपाचा आवाज बदलला. "सुटली," ऑपरेटर म्हणाले. बुजलेली भेग मोकळी झाली, आणि टँकरमधलं पाणी आता कमी दाबावरच खाली जात राहिलं. मॅडम काट्याकडं बघत आकडे लिहीत होत्या. काटा चढून नुसता चढलेलाच राहिला किंवा मुळीच चढला नाही, तर काम साधलं नाही असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. पॅकर आणखी खाली नेऊन हेच पुन्हा केलं. त्या खेपेला काटा फारसा चढलाच नाही. तिथली भेग आधीच उघडी होती.

तेवढ्यात ओढ्याकडच्या विहिरीचे मालक धावत आले. त्यांच्या विहिरीचं पाणी गढूळ झालं होतं. ते घाबरले होते आणि माझ्याही पोटात गोळा आला. मॅडम मात्र लगेच विहिरीवर गेल्या, पाणी पाहिलं आणि समजावलं की बोअर आणि विहीर एकाच भेगेनं जोडलेली आहेत, याचाच हा पुरावा आहे. गाळ खाली बसला आणि पाणी पुन्हा निवळलं. पण त्यांनी एक गोष्ट जोडली, जी मला फार महत्त्वाची वाटते. "आता या बोअरवर मोटर टाकून रात्रंदिवस उपसलात, तर यांची विहीर लवकर आटेल. पाणी दोघांचं आहे."

शेवटी कॉम्प्रेसर लावून बोअर धुतला. आधी राखाडी चिखल आला, मग पिवळट मातीचे गोळे, दगडाची बारीक कच, आणि बऱ्याच वेळानं नितळ पाणी. इतक्या वर्षांची जी माती भेगांत बसली होती ती आमच्या पायाशी वाहत होती. बाहेर येणारं पाणी इंग्रजी व्ही आकाराची खाच असलेल्या पत्र्यावरून सोडून मोजलं. आधीपेक्षा ते स्पष्टपणे जास्त होतं. टीसीएल टाकली, नमुना तपासणीला गेला, हापसा परत बसला. अहवाल चांगला आल्यावर पाणी प्यायला सुरू झालं. नानींनी पहिली कळशी भरली आणि न थांबता भरली. त्या उन्हाळ्यात हापसा धापा टाकायचा थांबला.

एवढ्यावर थांबले असते तर मी जलभंजनाची जाहिरात लिहिली असती. पण नणंद जत तालुक्यात दिली आहे, आणि आमचं ऐकून तिच्या दिरांनी डाळिंबाच्या बागेतल्या बोअरवर खाजगी गाडी बोलवून हेच करून घेतलं. बोअर पाचशे फुटांच्या पुढचा, पहिल्या दिवसापासून जेमतेम ओला. आसपासच्या विहिरी फेब्रुवारीतच कोरड्या. कुणी नोंद पाहिली नाही, कुणी विहिरीत उतरलं नाही. पंपानं दाब दिला, काटा चढला, खालीही आला, भेगा उघडल्या असतीलही. धुताना थोडं पाणी आलं, तेही त्यांनी टँकरमधून घातलेलंच असावं. काही दिवसांत बोअर पुन्हा होता तसा. पैसे गेले आणि आशाही गेली. मी तिथं जाऊन ती बाग पाहिली. म्हैसाळ योजनेच्या पाण्यासाठी तिथल्या गावांनी किती वर्षं वाट पाहिली, हे मी सांगली जिल्ह्याची मुलगी म्हणून ऐकत आले आहे. त्या माणसांना कोणी आशा लावली की ती मोडताना बघवत नाही.

दोन्हीकडं यंत्र एकच होतं. फरक होता तो भेगेच्या पलीकडं काय आहे याचा. आमच्याकडं पलीकडं पाणी होतं, तिथं नव्हतं. दाबानं वाट मोकळी होते; पाणी तयार होत नाही. ही साधी गोष्ट समजायला मला विहिरीची भिंत, गेजचा काटा आणि जतची बाग, तिन्ही बघावी लागली.

म्हणून आमच्या समितीनं पुढं दोन कामं हातात घेतली. बोअरच्या वरच्या अंगाला ओढ्यातले जुने बंधारे गाळ काढून दुरुस्त केले, आणि शाळेच्या छपराचं पाणी गाळून जमिनीत मुरवायला शोषखड्डा घेतला. आमच्या शेजारच्या कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावानं २०१६ साली जलसंधारणाच्या स्पर्धेत पहिला वॉटर कप जिंकला तो याच कामावर, उतारावर पाणी अडवून आणि मुरवून. अटल भूजल योजनेसाठी सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे निवडले गेले. त्यातून गावानं आपल्या पाण्याचा ताळेबंद मांडायचा होता, किती मुरलं आणि किती उपसलं. हे काम कंटाळवाणं आहे, त्याला गाडी येत नाही, काटा चढत नाही, बघायला गर्दी जमत नाही. पण भेगेच्या पलीकडं पाणी ठेवायचं काम तेच करतं.

जिथं नवा बोअर पाडायचा ठराव येईल, तिथल्या समितीवरच्या बायकांना माझं सांगणं आहे. ठरावावर सही करण्याआधी जुन्या बोअरची नोंद मागा. तो कधी काळी चांगला होता का, केसिंग शाबूत आहे का, शेजारच्या विहिरीत उन्हाळ्यात पाणी टिकतं का, हे विचारा. तिन्हींचं उत्तर हो असेल, तर भूजल यंत्रणेकडं जलभंजनासाठी अर्ज करा. उत्तर नाही असेल, तर तो पैसा यंत्रात घालू नका, पाणी मुरवण्यात घाला. आणि बोअर चालू झाला की तो किती उपसायचा, हे ग्रामसभेत शेजारच्या विहिरवाल्यांना समोर बसवून ठरवा, कारण खालची भेग शेताचे बांध मानत नाही.